कोस्ता ब्रावाच्या मुरुमवाटा : बूच, अरुंद लोहमार्ग आणि सायकल

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, पिरेनीज पर्वताची रांग जिथे भूमध्य समुद्रात उतरते तिथून दक्षिणेला ब्लानेस या गावापर्यंत पसरलेल्या सुमारे दोनशे किलोमीटर लांबीच्या खडकाळ किनाऱ्याला ‘कोस्ता ब्रावा’ म्हणतात. या नावाचा अर्थ ‘रांगडा किनारा’ असा आहे. ते फारसे जुने नाही. फेर्रान आगुल्यो या पत्रकाराने १९०८ मध्ये बार्सेलोनाच्या एका वृत्तपत्रातील लेखात ते वापरले आणि पुढे ते रूढ झाले. प्रशासकीयदृष्ट्या हा प्रदेश कातालोनियातील जिरोना प्रांतात मोडतो आणि येथील लोकांची भाषा कातालान आहे. १९६० नंतर येथे उभ्या राहिलेल्या हॉटेलांमुळे व गजबजलेल्या पुळणींमुळे जगाला हा किनारा ठाऊक झाला. परंतु समुद्रापासून पाच-दहा किलोमीटर आत गेले की गावारेस नावाची बुटकी, दाट झाडीची डोंगररांग लागते. तिचे क्षेत्र सुमारे ३५,००० हेक्टर असून तिचा सर्वांत उंच माथा, पुच दार्केस, जेमतेम ५३० मीटर उंच आहे. या रांगेत आणि तिच्या पायथ्याच्या सपाटीवर कच्च्या वाटांचे जे जाळे आहे, त्यावर आज युरोपातील व अमेरिकेतील सायकलस्वार मोठ्या संख्येने येतात.

ते ज्या प्रकारे सायकल चालवतात त्याला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ असे नाव पडले आहे. ‘ग्रॅव्हल’ म्हणजे बारीक खडी. या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण तिचे टायर त्या सायकलीच्या २५ ते ३० मिलिमीटर टायरांपेक्षा रुंद, म्हणजे साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचे असतात, चढासाठी हलके गिअर असतात आणि चिखलातही काम देतील असे डिस्क ब्रेक असतात. त्यामुळे डांबरी रस्त्यावर ती पुरेशा वेगाने धावते आणि डांबर संपल्यावरही थांबत नाही. या सायकलस्वारांना मोटारी नसलेली, शांत वाट हवी असते, आणि अशा वाटा कोस्ता ब्रावाच्या पाठीमागे विपुल आहेत. तेथील शांतता निसर्गदत्त वाटावी अशीच आहे. तथापि या वाटांचा इतिहास तपासला, तर त्यांतील बहुतेक वाटा कोणत्या ना कोणत्या व्यवसायाच्या वर्दळीसाठी बांधल्या गेल्या होत्या आणि तो व्यवसाय बसल्यावर निर्मनुष्य झाल्या, असे दिसून येते. या भागापुरता तो व्यवसाय मुख्यतः बुचाचा होता.

डांबरापूर्वीचे रस्ते

खडीवरून प्रवास करण्याची रीत या भूमीवर डांबराहून कितीतरी जुनी आहे. ग्रीक व्यापाऱ्यांनी इ.स.पू. सहाव्या शतकात येथील एम्पुरिएस येथे वसाहत केली आणि इ.स.पू. २१८ मध्ये, कार्थेजशी चाललेल्या युद्धात, रोमन सैन्य इबेरियाच्या भूमीवर प्रथम उतरले ते याच बंदरात. रोमनांनी पुढे पिरेनीजपासून दक्षिणेतील कादिसपर्यंत जो राजमार्ग सिद्ध केला, तो सम्राट ऑगस्टसच्या काळातील डागडुजीमुळे ‘व्हिया आउगुस्ता’ म्हणून ओळखला जातो आणि तो आजच्या जिरोनातून, म्हणजे तेव्हाच्या गेरुंडातून जात असे. रोमन रस्ता म्हटले की मोठ्या फरशांचा रस्ता डोळ्यांपुढे येतो, पण तशी फरसबंदी प्रामुख्याने नगरांत आणि त्यांच्या वेशींजवळ असे. गावाबाहेरचा रस्ता दगडमातीचे थर चोपून त्यावर बारीक खडी अंथरून केलेला असे आणि लॅटिनमध्ये या खडीला ‘ग्लारेआ’ म्हणत. म्हणजे साम्राज्याचा हा कणा बहुतांश लांबीत खडीचाच होता.

रोमन मार्गांखेरीज दुसरे एक जुने जाळे मेंढपाळांचे होते. हिवाळ्यात किनाऱ्यामागील एम्पोर्दा या प्रदेशाच्या सपाटीवर चरणारे कळप उन्हाळ्यात पिरेनीजच्या कुरणांकडे नेले जात आणि त्यांच्यासाठी राखलेल्या रुंद वाटांना कातालानमध्ये ‘कामीन्स रामादेर्स’, म्हणजे कळपवाटा, म्हणतात. त्यांच्या जोडीला ‘मास’ किंवा ‘मासिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शेताच्या मधोमध एकट्या उभ्या असलेल्या दगडी शेतघरांना गावाशी जोडणाऱ्या गाडीवाटा होत्या. महाराष्ट्रात ज्यांना पाणंद म्हणतात त्यांच्याशी या वाटांचे बरेच साम्य आहे.

सायकलही याच कच्च्या रस्त्यांवर लहानाची मोठी झाली. १८८५ च्या सुमारास साखळीने फिरणारी व दोन सारख्या चाकांची सायकल इंग्लंडमध्ये बाजारात आली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि कातालोनियाची प्रदीर्घ परंपरा असलेली ‘व्होल्ता’ ही टप्प्यांची शर्यत १९११ मध्ये प्रथम झाली, तेव्हा स्पर्धकांच्या चाकांखाली धूळ व खडीच होती. स्पेनमध्ये मुख्य रस्ते टिकाऊ पृष्ठभागाचे करण्याची देशव्यापी योजना प्रीमो दे रिव्हेरा यांच्या राजवटीत १९२६ मध्ये हाती घेतली गेली, आणि त्यानंतरच रस्त्यांची ‘पक्का’ आणि ‘कच्चा’ अशी ठळक वर्गवारी झाली. आजच्या ग्रॅव्हल सायकलस्वाराचा नवा वाटणारा छंद त्या वर्गवारीपूर्वीच्या सर्वसामान्य अनुभवाची पुनरावृत्ती आहे.

बुचाचे अरण्य

गावारेसच्या वाटांचे मूळ समजण्यासाठी आधी एका झाडाची ओळख करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात ‘बुचाचे झाड’ म्हटले की पांढऱ्या, लांब देठाच्या, सुवासिक फुलांचा सडा टाकणारा उंच वृक्ष आठवतो. त्याच्या मऊ, भेगाळ सालीपासून हलक्या प्रतीचे बूच करता येते म्हणून त्याला ते नाव मिळाले, पण बाटलीच्या खऱ्या बुचाशी त्याचे नाते एवढेच. खरे बूच येते ते भूमध्य सागराच्या पश्चिम भागातील एका सदाहरित ओक वृक्षाच्या सालीपासून. कातालानमध्ये त्या सालीला ‘सुरो’ म्हणतात. हा वृक्ष तोडला जात नाही. उन्हाळ्यात, रस चढता असताना, साल खोडापासून सुटी होण्याइतकी सैल होते, आणि तेव्हा कुऱ्हाडीने उभे-आडवे छेद घेऊन, आतील जिवंत थराला इजा न करता, ती फळ्यांसारखी सोडवून घेतली जाते. झाड सुमारे पंचवीस-तीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल निघते. ती इतकी खडबडीत असते की तिच्यातून बाटलीचे बूच कापता येत नाही. त्यानंतर दर खेपेला साल पुरेशी जाड होण्यासाठी एक तपाहून थोडा कमी-अधिक काळ थांबावे लागते, कारण बाटलीच्या तोंडात बसणाऱ्या अखंड बुचाचा व्यास त्या सालीच्या जाडीतच मावला पाहिजे. कातालोनियाच्या कोरड्या डोंगरांत ही वाढ मंद असल्याने साल घट्ट व लवचीक होते.

या सालीला मोल आले ते अठराव्या शतकात. फ्रान्समध्ये १७२८ च्या राजाज्ञेने बाटल्यांतून वाइनची वाहतूक करण्यास परवानगी मिळाली, शांपेन प्रदेशात फेसाळ वाइन बाटलीबंद होऊ लागली आणि तिचा दाब सोसेल, तरीही बाटली फोडल्याविना निघेल अशा बुचांची मागणी झपाट्याने वाढली. शतकाच्या मध्यापासून हा उद्योग पिरेनीज ओलांडून जिरोनाच्या मुलखात उतरला आणि सांत फेलीउ दे गिशोल्स, पालाफ्रुजेल, पालामोस ही किनाऱ्यावरची किंवा किनाऱ्यालगतची गावे, तसेच आतील बाजूची कासा दे ला सेल्वा व ल्यागोस्तेरा ही गावे बुचाच्या कार्यशाळांनी भरून गेली. डोंगरातून आलेल्या फळ्या मोठ्या कढयांत उकळून मऊ व सपाट करीत, त्यांचा बाहेरचा खरबरीत थर खरवडून काढीत, मग त्यांच्या पट्ट्या, पट्ट्यांचे चौकोनी ठोकळे आणि ठोकळ्यांची गोल बुचे केली जात. एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ हे अखेरचे काम धारदार सुरीने, हातानेच होत असे आणि कुशल कारागिराला त्याचा चांगला मोबदला मिळे.

या कारागिरांत प्रजासत्ताकवादी विचार खोलवर रुजला. १८६९ च्या ऑक्टोबरात माद्रिदच्या सरकारविरुद्ध संघराज्यवादी प्रजासत्ताकाच्या नावाने जो उठाव झाला, त्यात सांत फेलीउचे नगराध्यक्ष पेरे काइमो यांच्या नेतृत्वाखाली या भागातील लोक सशस्त्र उभे राहिले आणि ला बिसबाल येथे सैन्याने त्यांचा मोड केला. स्थानिक स्मृतीत ही घटना ‘ला बिसबालची आग’ म्हणून राहिली आहे. बुचाने या किनाऱ्याला पैसा दिला, तसाच स्वतःचे प्रश्न स्वतः सोडवण्याचा आत्मविश्वासही दिला. पुढे रेल्वेच्या बाबतीत तो उपयोगी पडला.

डोंगरात या उद्योगाचा परिणाम वाटांच्या रूपाने झाला. बूच पाण्याच्या साधारण एक-पंचमांश वजनाचे असते, त्यामुळे एका खेचराच्या पाठीवर किंवा एका गाडीत वजनाने फारसा माल चढत नाही. अडचण असते ती आकारमानाची. फळ्यांचे फुगीर भारे झाडीला न अडकता उतरवायचे तर वाट रुंद आणि वळणे सैल हवीत. याच वाटांवरून लोणारी, म्हणजे डोंगरात भट्ट्या लावून कोळसा पाडणारे लोक, आपला माल गावात आणीत, आणि हिवाळ्यात साठवलेला बर्फही अशाच मार्गांनी खाली जाई. आज गावारेसच्या रानात सायकलस्वाराला जी वाट अनपेक्षितपणे ऐसपैस व सौम्य चढाची वाटते, तिचे माप पुष्कळदा बुचाच्या भाऱ्याने ठरवलेले असते.

कारिलेत

बार्सेलोनाहून निघालेला मुख्य लोहमार्ग १८६२ मध्ये जिरोनाला पोहोचला आणि १८७८ मध्ये फ्रान्सच्या सीमेला भिडला. त्याचे रूळ एकमेकांपासून १,६७२ मिलिमीटर अंतरावर होते, म्हणजे भारतीय ब्रॉडगेजच्या १,६७६ मिलिमीटरच्या अगदी निकट. पण हा मार्ग गावारेसच्या आतील अंगाने गेला आणि बुचाची बंदरे त्यापासून दूर पडली. जहाजांवर चढवायचा माल बंदरात होता, देशभर धावणारी गाडी डोंगरापलीकडे होती, आणि दोहोंच्या मध्ये गाडीवाटा होत्या. मुख्य मार्ग बांधणाऱ्यांना किनाऱ्यासाठी वाकडी वाट करण्यात रस नव्हता, म्हणून किनाऱ्याने स्वतःचे लहान लोहमार्ग उभारले.

त्यांतील पहिला, पालामोसहून पालाफ्रुजेलमार्गे मुख्य लोहमार्गावरील फ्लासा स्थानकापर्यंतचा, १८८७ मध्ये सुरू झाला. तो बराचसा रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या वाफेच्या ट्रामसारखा होता. दुसरा, जिरोना ते सांत फेलीउ दे गिशोल्स हा सुमारे ४० किलोमीटरचा मार्ग, ३० जून १८९२ रोजी खुला झाला आणि त्याच्या भांडवलात स्थानिक उद्योजकांबरोबर गावकऱ्यांनी घेतलेल्या भागांचाही वाटा होता. तिसरा मार्ग जिरोनाहून उलट दिशेला, ज्वालामुखींच्या प्रदेशातील ओलोत या गावाकडे जाणारा. त्याचा पहिला टप्पा १८९५ मध्ये चालू झाला आणि तो १९११ मध्ये ओलोतला पोहोचला. या मार्गांच्या रुळांतील अंतर केवळ ७५० मिलिमीटर होते. महाराष्ट्रातील वाचकांना बार्शी लाइट रेल्वे परिचित आहे; १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गाचे ७६२ मिलिमीटरचे माप याच कुळातले, आणि ते निवडण्याचे कारणही दोन्हीकडे सारखे होते. रूळ जवळ असले की भराव अरुंद लागतो, वळण तीव्र घेता येते, पूल व डबे हलके चालतात आणि मर्यादित भांडवलात मार्ग पुरा होतो.

लोकांनी या गाडीला ‘कारिलेत’ म्हटले. ‘कारिल’ म्हणजे रूळ किंवा आगगाडी आणि ‘एत’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय, म्हणून ‘कारिलेत’ म्हणजे इवलीशी आगगाडी. या शब्दात लाड आहे आणि थोडी थट्टाही आहे. सांत फेलीउच्या कारिलेतमधून बुचाचे गठ्ठे, मासळी, कोळसा, टपाल व प्रवासी यांची ने-आण होत असे आणि उन्हाळ्यात जिरोनाचे लोक समुद्रस्नानासाठी तिच्यात गर्दी करीत. बुचासारखा हलका पण जागा व्यापणारा माल दुर्बळ इंजिनालाही ओढता येत असल्यामुळे ही गाडी आणि हा व्यवसाय एकमेकांना चांगले मानवले.

या मार्गाच्या रचनेतील एक गोष्ट पुढे सायकलसाठी निर्णायक ठरली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर केवळ घर्षणाच्या आधारे चढते, म्हणून लहान इंजिनालाही फार तीव्र चढ चालत नाही. आखणी करणारा अभियंता टेकडीला वळसा घालतो, ओढ्यावर भराव टाकतो, उंचवट्यातून खोदाई करतो आणि शेकडा दोन-तीनपेक्षा अधिक चढ शक्यतो येऊ देत नाही. डोंगराळ प्रदेशात एवढा सौम्य, सलग चढ असलेली वाट पायी चालणाऱ्यांनी वा गाडीवानांनी कधीही पाडली नसती. ती पडली ती वाफेच्या इंजिनाच्या मर्यादेमुळे, आणि ती मर्यादा माणसाच्या पायांच्या ताकदीला नेमकी सोयीची निघाली.

ओहोटी

सांत फेलीउचा लोहमार्ग ज्या वर्षी उघडला त्याच वर्षी, १८९२ मध्ये, अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांना पन्हळीदार कडेच्या पत्र्याच्या टोपणाचे पेटंट मिळाले. सोडावॉटर व बिअरच्या बाटल्यांवर आज सर्वत्र दिसणारे हे टोपण अखंड बुचाची जागा घेणारे होते. मात्र सुरुवातीला त्याच्या आत बुचाचीच पातळ चकती असे, त्यामुळे बुचाच्या व्यवसायाला त्याचा तोटा झाला तसे नवे कामही मिळाले. भुसा व तुकडे दाबून केलेल्या बुचाचा वापर वाढला, मोठे कारखाने उभे राहिले, परदेशी कंपन्या पालाफ्रुजेलमध्ये आल्या आणि हाताने सुरी चालवणारा कारागीर मागे पडला. पहिल्या महायुद्धाने जर्मनी व रशिया येथील गिऱ्हाईक तोडले, १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धाने आणि त्यानंतरच्या बंदिस्त अर्थव्यवस्थेने उरलेला व्यापार आवळला, आणि टोपणाच्या आतल्या चकतीची जागा कालांतराने प्लॅस्टिकने घेतली. फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत प्रदेशातील ऑलिव्ह व बूच-ओकांची मोठी हानी झाली. बुचाच्या उत्पादनाचे केंद्र तोवर पोर्तुगालकडे सरकले होते; आज जगातील सुमारे निम्मे बूच तेथूनच येते.

डोंगरातील इतर धंदेही याच सुमारास आटले. किनाऱ्याच्या उत्तर भागात त्याही आधी द्राक्षवेलींची मुळे खाणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने १८७९ मध्ये फ्रान्समधून प्रवेश करून मळे उद्ध्वस्त केले होते आणि चुन्या-गाऱ्याविना रचलेल्या दगडी ताली तशाच ओस पडल्या होत्या. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीमार्फत ब्यूटेन गॅसच्या टाक्या घरोघर पोहोचू लागल्या आणि लाकडी कोळशाची गरज संपली. १९५९ च्या आर्थिक सुधारणांनंतर परदेशी पर्यटकांचा ओघ सुरू झाला, किनाऱ्यावर बांधकामाची व हॉटेलांची कामे मिळू लागली, आणि मासियातील कुटुंबे डोंगर उतरून समुद्राकडे गेली. शेतघरे पडकी झाली, शेतांत पाइन माजले, आणि जिथे माणूस, खेचर व गाडी यांची रोज ये-जा होती तिथे पाखरांचा आवाज ठळक ऐकू येऊ लागला.

लोहमार्गही टिकले नाहीत. ट्रक व बस दाराशी येऊ लागल्यावर स्थानकावर जाऊन सावकाश गाडीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पालामोसचा मार्ग १९५६ मध्ये बंद झाला. सांत फेलीउ व ओलोतचे मार्ग शेवटी राज्याच्या हाती आले आणि दोन्ही १९६९ मध्ये थांबले. विरोधाभास असा की त्या वर्षी कोस्ता ब्रावावर येणाऱ्यांची संख्या पूर्वी कधी नव्हती एवढी होती; पण ते मोटारीने आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या जिरोनाच्या विमानतळावरून येत होते.

रूळ उचलल्यावर

रूळ व स्लीपर भंगारात गेले, पण भराव, खोदाई, पूल आणि स्थानकांच्या इमारती जागेवरच राहिल्या. अशी परिस्थिती देशभर होती, कारण तोट्यातील मार्ग बंद करण्याचे धोरण पुढेही चालू राहिले आणि १९८५ च्या प्रारंभी तर एकाच वेळी शेकडो किलोमीटर मार्ग थांबवण्यात आले. स्पेनमधील अशा निरुपयोगी मार्गांची लांबी ७,००० किलोमीटरहून अधिक भरल्यावर १९९३ मध्ये त्यांना पादचारी व सायकलस्वारांसाठी ‘व्हियास व्हेर्देस’, म्हणजे हरितमार्ग, करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आजवर त्यांतील ३,००० किलोमीटरहून अधिक लांबी खुली झाली आहे. जिरोनाहून निघणारे सांत फेलीउ व ओलोतचे दोन्ही कारिलेत या कार्यक्रमाच्या आरंभीच्या आणि सर्वाधिक वर्दळीच्या मार्गांत गणले जातात. त्यांना जोडून पुढे पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये जाणारे व परत येणारे सुमारे ३५० किलोमीटरचे ‘पिरिनेक्सुस’ हे वर्तुळही आखण्यात आले.

या हरितमार्गांचा पृष्ठभाग बव्हंशी डांबराचा न करता ‘साउलो’ पसरून व दाबून केला आहे. ग्रॅनाइटचा खडक ऊन-पावसाने कुजून त्याची जी जाडसर, पिवळसर वाळू होते तिला कातालानमध्ये साउलो म्हणतात. काळ्या दगडाच्या प्रदेशात जे स्थान मुरुमाचे, तेच ग्रॅनाइटच्या प्रदेशात साउलोचे. ती स्वस्त, जवळच मिळणारी आणि पाण्याचा निचरा करणारी आहे, परंतु मोठ्या पावसात वाहून जाते आणि तिला वरचेवर रोलर लागतो. रुंद टायरच्या सायकलीला अशा दाबलेल्या मुरुमासारखा दुसरा अनुकूल पृष्ठभाग नाही.

किनाऱ्यालगतची ‘कामी दे रोंदा’, म्हणजे गस्तवाट, मात्र या कथेत वेगळी पडते. समुद्राच्या कड्याकड्याने जाणारी ही पाऊलवाट तंबाखू व इतर मालाच्या चोरट्या आयातीवर नजर ठेवण्यासाठी राखली गेली होती. १८२९ मध्ये उभारलेल्या काराबिनेरोस या जकात-शिपायांच्या दलाने आणि १९४० मध्ये ते दल सिव्हिल गार्ड या पोलीस दलात विलीन झाल्यावर त्या दलाने तिच्यावर रात्रीची गस्त घातली. चोरटा व्यापार चालवणाऱ्यांनाही हीच वाट लागे, म्हणून ती दोन्ही पक्षांनी मिळून तुडवली असे म्हणणे वावगे होणार नाही. तिच्यावर पायऱ्या, बोगदे व अरुंद कठडे असल्यामुळे ती चालणाऱ्यांचीच राहिली आहे, आणि सायकलस्वाराने समुद्र पाहावा तो डोंगरावरून, हा भेद मालवाहतुकीच्या व पहाऱ्याच्या वाटांतील जुन्या फरकातूनच आला आहे.

खडीवरचे पुनरागमन

एवढे जाळे तयार असूनही सायकलस्वार प्रथम आले ते डांबरासाठी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॅनिश सायकलपटू व संघ-व्यवस्थापक जॉनी वेल्ट्झ यांच्यामुळे एका अमेरिकी व्यावसायिक संघाचे खेळाडू जिरोनात राहू लागले. सौम्य हिवाळा, जवळच डोंगर, तासाभरावर समुद्र आणि बार्सेलोनाचा विमानतळ ही त्यामागची साधी कारणे होती. त्यांच्यामागोमाग इतर देशांचे खेळाडू, सायकल दुरुस्तीची व भाड्याची दुकाने आणि सायकलस्वारांची कॉफीगृहे आली, आणि बुचाचा उद्योग ओसरलेल्या प्रांताच्या राजधानीला एक नवा उद्योग मिळाला.

दरम्यान कच्च्या रस्त्याचे आकर्षण अन्यत्र वाढत होते. इटलीच्या तोस्काना प्रांतातील पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत या हेतूने १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली, अमेरिकेतील कान्सास राज्याच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ मध्ये लांब पल्ल्याची शर्यत भरली, सायकल-उत्पादकांनी त्या रस्त्यांसाठी वेगळी सायकल घडवली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीच्या व्हेनेतो प्रांतात घेतली. जिरोनात २०१९ पासून ‘ट्राका’ ही शर्यत होऊ लागली. तिच्या लांब पल्ल्यांत २०० व ३६० किलोमीटरचे मार्ग आहेत आणि त्यांत रानवाटा, शेतवाटा व किनाऱ्यामागच्या कच्च्या रस्त्यांचा समावेश असतो. ज्या वाटा शांत म्हणून नावाजल्या, त्यांच्यावर वर्षातून काही दिवस हजारो चाकांची धूळ उडू लागली.

वाट कोण राखतो

या वाटा शांत असल्या तरी बेवारस नाहीत. कातालोनियातील बहुतांश जंगल खासगी मालकीचे आहे आणि गावारेसही त्याला अपवाद नाही, त्यामुळे पुष्कळ वाटा कोणाच्या ना कोणाच्या रानातून जातात. मोटारींच्या निसर्गक्षेत्रातील वावरावर कातालोनियाने १९९५ च्या कायद्याने बंधने घातली, आणि आजच्या निवांतपणात त्या बंधनांचाही भाग आहे. त्याखेरीज वणव्याची भीती हा येथील वाटांचा सर्वांत कठोर राखणदार आहे. शेती व कोळसा थांबल्यावर रान दाट झाले आणि उन्हाळ्यात ते पेट घेऊ लागले. १९८६ पासून गावोगावचे शेतकरी, रानमालक व स्वयंसेवक यांची वनरक्षण-पथके स्थापन झाली आणि अग्निशामक गाड्या आत शिरू शकतील अशा वाटा मोकळ्या ठेवणे हे त्यांच्या मुख्य कामांपैकी एक झाले. जुलै २०१२ मध्ये सीमेलगतच्या ला जोंकेरा येथे लागलेल्या वणव्याने सुमारे १३,००० हेक्टर क्षेत्र भाजून काढल्यावर या कामाचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. अतिधोक्याच्या दिवसांत रानात जाण्यावर बंदी येते आणि सायकलस्वारालाही परत फिरावे लागते.

या सगळ्यात बूच-ओकाचे स्थान आगळे आहे. त्याची जाड साल आगीला दाद देत नाही आणि होरपळलेल्या फांद्यांनाही पुन्हा पालवी फुटते. मात्र नुकतीच साल काढलेले झाड या कवचाला काही वर्षे मुकते. साल अजूनही काढली जाते, पण पूर्वीइतक्या रानांत नाही, कारण एका तपानंतर येणाऱ्या पिकासाठी झुडपे तोडणे व वाट नीट ठेवणे मालकाला प्रत्येक वेळी परवडत नाही. जिथे ते परवडते तिथे सालीच्या फळ्या आणण्यासाठी ट्रॅक्टर येतो, त्याआधी वाट साफ होते, आणि त्याच वाटेवर पुढची काही वर्षे सायकलचे चाक सहज फिरते. जिथे ते परवडत नाही तिथे बोरूसारखी उंच रानझुडपे दोन्ही बाजूंनी वाकून काही वर्षांतच वाट गिळतात.

साल निघाल्यावर खोड प्रथम पिवळसर गेरूच्या रंगाचे दिसते, थोड्याच काळात ते तांबूस होते, मग तपकिरी आणि नव्या सालीबरोबर हळूहळू राखाडी होत जाते. त्यामुळे गावारेसच्या रानातून जाणाऱ्याला कोणत्या वळणावर कुऱ्हाड चालवणारे हात अलीकडे येऊन गेले आणि कुठे कितीतरी वर्षांत आले नाहीत, हे खोडांच्या रंगावरून कळते. ज्या वाटेच्या कडेची खोडे तांबूस आहेत ती वाट आणखी काही काळ रुंद राहील. जिच्या दोन्ही बाजूंना सारीच खोडे राखाडी व भेगाळलेली आहेत तिथे शांतता अधिक गाढ असते, पण वाट मात्र अरुंद होत चाललेली असते.